लॅपटॉपचा पदर

आमच्याकडे धाकट्या सुनेने भासऱ्यांशी थेट बोलायचं नसतं. भासरे म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. ते अंगणात आले की पदर कपाळाखाली ओढायचा आणि काही सांगायचंच असलं तर मधल्या माणसाला सांगायचं. मधला माणूस नसेल तर मांजराला सांगायचं, नाहीतर भिंतीला. ते ऐकतातच. हल्लीच्या मुली हे पाळत नाहीत आणि बरंच करतात. माझं मात्र लग्न झाल्यापासून असंच चाललं. धानाचे, बैलजोडीचे, त्यांच्या मुलींच्या लग्नातल्या मंडपाचे कैक सौदे आम्ही समोरासमोर बसून केले, आणि एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

लोकांना वाटतं, बाईला केवढा जाच. जाच होताच. पण सौद्यात पदरासारखी सोय नाही. भाव ऐकून तोंडाला पाणी सुटलं तरी समोरच्याला दिसत नाही. ओठ दाबायचे नाहीत, डोळे सांभाळायचे नाहीत, नुसतं गप्प बसायचं. समोरचा दोन घोट चहा पितो, अस्वस्थ होतो आणि आपणहून नमतो.

माझं गोंदियाजवळच्या गोरेगावात, घरालाच लागून, बिछायत केंद्र आहे. मंडप, खुर्च्या, गाद्या, सतरंज्या, अख्ख्या पंगतीचं वरण शिजेल असे गंज, सगळं भाड्याने मिळतं. सुरुवात घरच्याच दोन गंजांपासून झाली. शेजारणीने बारशाला मागून नेले आणि पोचे पाडून परत आणले. मी तिच्याशी कडाक्याचं भांडले आणि पुढच्या वेळेपासून भाडं लावलं. माझा नवरा शेतात रमणारा, शांत माणूस. घरातला सगळा राग माझ्या वाट्याला आला आणि त्या रागावरच मी धंदा उभा केला.

आता जागेचं सांगते, कारण सगळं तिच्यापाशीच अडलेलं आहे. आठवडी बाजाराच्या मागे सासऱ्यांची एक मोकळी जागा होती. लग्नसराईत मी तिथे सतरंज्या धुऊन वाळत घालायची. वाटणीच्या दिवशी बैठकीत पुरुष बसले होते आणि मी दाराआड उभी होते. भासरे म्हणाले, "बाईच्या भांड्याकुंड्याले जागा कायले पायजे? वावराचा तुकडा जास्त घ्या." नवऱ्याने मान डोलावली आणि जागा भासऱ्यांकडे गेली. मला दाराआडून बोलता येत नव्हतं. मांजरही नव्हतं जवळ.

तेव्हापासून माझ्या सतरंज्या घराच्या गच्चीवर वाळतात. ओली सतरंजी जिन्याने वर न्यायची म्हणजे काय, ते नेणाऱ्यालाच कळतं. दर सतरंजीबरोबर मी ते वाक्यही वर नेलं.

तर भासऱ्यांनी ती जागा विकायला काढली. त्यांचा मुलगा नागपुरातच राहणार, इथे कुणी येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मला कळलं तेव्हा मी दुकानात हिशेब बाजूला ठेवून अर्धा दिवस नुसती बसून राहिले. मग लॅपटॉप उघडला. गोदामाच्या शेडला पत्रे कुठले चांगले, खोल जागा भरायला काय लागतं, कुंपण तारेचं बरं की भिंतीचं, खरेदीखत कसं होतं, सगळं शोधलं. कुणाला एका शब्दाने बोलले नाही. नवऱ्यालाही नाही.

भासरे दुकानात आले ते नातीच्या साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, मंडप ठरवायला. मधला माणूस होती माझी सून. ती गोंदियाची, घरी बसून कुठल्याशा कंपनीचं काम करते, आणि बोलता बोलता हिंदीत जाऊन येते. मधला माणूस म्हणून ती उत्तम. दोन्हीकडचं बोलणं पोचवताना त्यातलं तिखट काढून घेते.

"सूनबाई," भासरे म्हणाले. ते माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसले होते. "तुझ्या सासूले विचार, बाजारामागची जागा घेते का म्हनून."

"त्याइले सांग," मी पदराआडून म्हटलं, "पावसाळ्यात तिथं डबकं होते. बेडकं पोसाले घेऊ का?"

"मोठे बाबूजी, मम्मी विचार करून सांगते म्हणतात," सून म्हणाली.

"आयकलं म्या. बेडकं म्हनली ते."

मग त्यांनी भाव सांगितला. मी गप्प. घरचं माणूस म्हणून थोडा कमी केला. मी गप्प. पदराआड मी मनातल्या मनात सतरंज्या पसरवल्या होत्या, पण बाहेरून नुसता पदर. आणखी एक चहा आणि जागा माझी, इथवर आलं होतं.

आणि मीच म्हटलं, "तोवर त्याइले मंडपाचे नमुने दाखव."

सुनेने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. मधोमध झेंडूचा मंडप आणि चारी बाजूंना जाहिराती. भासऱ्यांनी चष्मा लावला आणि शाळेतल्यासारखं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "गोदामासाठी मजबूत शेड. तारेचं कुंपण, घरपोच. खोलगट जमिनीची भरणी करून देऊ." चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. "खरेदीखतासाठी वकिलाचा सल्ला."

भासऱ्यांनी चष्मा खिशात ठेवला.

"बेडकांची लयच सोय करून राहिली, सूनबाई, तुझी सासू," ते म्हणाले, आणि जो भाव बोलले तो पहिल्या भावाच्याही वर होता. चहा संपवून गेले. मंडपाचं पुढच्या खेपेला पाहू म्हणाले.

त्या दिवशी मी लॅपटॉप आपटला नाही तो फक्त अजून त्याचे हप्ते फिटायचे होते म्हणून. मी इथे नाकापर्यंत पदर ओढून बसलेली आणि हा डबा माझ्याच टेबलावर उघडाबोडका!

"मम्मी, ऐसा ही होता है," सून म्हणाली. "तुम्ही एका पानावर काही पाहता, तिथं ट्रॅकर बसलेला असतो. तो दुसऱ्या पानावर जाऊन सांगतो, या बाईला शेड पाहिजे."

"म्हंजे मी बाजारातून चालली का माह्या मागं एक जन ओरडत जाते?"

"एक नाही, बहोत सारे."

"अन् तू हे माले आज सांगून राहिली?"

"तुम्ही कधी विचारलं?" असं तिने म्हटलं, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

तिने सांगितलं की याला उपाय आहे. ब्राउझरला एक्स्टेंशन जोडायचं. छोटीशी वस्तू, पण जाहिराती अडवते आणि मागे लागणाऱ्यांना दारातच परतवते. तिने त्यांचं दुकान उघडून दाखवलं. बघते तर तो बाजारच होता. ढाली, कुलुपं, कुत्रे, डोळ्यांवर पट्टी बांधलेली माणसं, ओळीने मांडलेली आणि प्रत्येकजण म्हणतो मीच खरा. मला एकदम बरं वाटलं. लॅपटॉप मला कळत नसेल, पण बाजार कळतो.

"हे घ्या, मम्मी. लाखो लोग वापरतात. फुकट आहे."

"फुकट कोन देते? याचं पोट कशावर चालते ते पाय पहिले."

सून हसली, पण शोधायला लागली. एक जण लोकांनी दिलेल्या वर्गणीवर चालत होता आणि तसं लिहून ठेवलं होतं. दुसऱ्याचं साधं रूप फुकट होतं, भारी रूपाला पैसे. हेही समजण्यासारखं होतं. मीसुद्धा खुर्च्या नेणाऱ्याला चमचे-वाट्या फुकटच देते. तिसरा पोटाबद्दल एक अक्षर बोलत नव्हता. त्याला मी तिथेच ओलांडलं.

मग एकाने परवानगी मागितली. सुनेने वाचून दाखवली: सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे.

"काय?" मी उभीच राहिले. "राखनदार ठेवाले निघाली तं तो कपाटाच्या किल्ल्या मागून राहिला!"

"अरे मम्मी, जाहिरात अडवायची तर पान वाचावंच लागेल ना. डोळे मिटून राखण कशी करणार?"

मी पुढचं दाखव म्हटलं. पुढचं होतं पानाचा रंग बदलून देणारं. तेही त्याच किल्ल्या मागत होतं. आता रंगाऱ्याला तिजोरी कशाला? सुनेलाही ते पटलं. तिथून आम्ही तोच नियम धरला. जो जे काम सांगतो, त्याला तेवढीच किल्ली लागते का, ते आधी पाहायचं.

एका ढालीखाली भरभरून स्तुती होती, पाच-पाच चांदण्या. मी सुनेला खाली खाली जायला लावलं. सगळ्यांनी एकाच आठवड्यात लिहिलेलं, आणि जवळजवळ त्याच शब्दांत. आमच्या आठवडी बाजारात दातदुखीचं औषध विकणारा येतो. त्याची दोन माणसं गर्दीत उभी असतात आणि तिसऱ्या मिनिटाला ओरडतात, माझी दाढ दुखायची राहिली, माझी दाढ दुखायची राहिली. ती ढालही मी ओलांडली. आणखी एक चांगली वाटली, पण तिला बरीच वर्षं कुणी हात लावलेला नव्हता. सून म्हणाली, अशी जुनी नावाजलेली एक्स्टेंशनं कधी कधी दुसराच कुणी विकत घेतो आणि आत काय काय बदलतो. तेही मला माहीत होतं. पाटी तीच राहते, गल्ल्यावर माणूस वेगळा बसतो.

इथवर मी शहाण्यासारखी वागले. पण बाजारातली सवय जात नाही. मी कधी नुसती भाजी घेत नाही. वरून कोथिंबीर घेते, मिरची घेते, देत नसेल तर उचलते. एक निवडून झाल्यावर मी म्हटलं, वरून ते दुसरंही टाक. अन् ते तिसरं, ते बिचारं बरं दिसून राहिलं.

"मम्मी, एक बस आहे."

"फुकट आहे ना? मंग तुह्या बापाचं काय जाते?"

माझ्या व्याह्यांचं काहीच गेलं नाही. माझं गेलं. दुसऱ्या दिवशी जागेचा सातबारा पाहायला जमिनीच्या नोंदीचं पान उघडलं, तर खाली जी वेडीवाकडी अक्षरं ओळखून भरायची असतात ती दिसेचनात. कोरा चौकोन. मंडपाच्या नमुन्यांचे फोटो गायब. एक गिऱ्हाईक हळदीचा पिवळा मंडप मागत होतं आणि मी त्याला पांढरं पान दाखवत होते. मी लॅपटॉपवर इतकी ओरडले की समोरचा सायकलवाला पाना घेऊन आला.

सून कंपनीचं काम सोडून उठली. "एका दारात तीन तीन राखणदार उभे केले. गिऱ्हाईक आत येणार कसं?" ती एकेक काढायला लागली. काढता काढता तिची नजर कोपऱ्यातल्या एका लाल चिन्हावर गेली.

"हे कोण?"

"ते राहू दे. ते माझं आहे."

ते खरंच माझं होतं. खुर्च्यांची कव्हरं घेताना मला ते सापडलं होतं. पैसे भरायच्या आधी ते आपणहून वर यायचं आणि म्हणायचं, थांबा, याहून स्वस्त मिळवून देतो. आणि द्यायचं! अख्ख्या इंटरनेटवर मला भेटलेलं ते एकच माझ्या बिरादरीचं. मी त्याला जीव लावला होता.

सुनेने त्याच्या अटी उघडल्या आणि वाचता वाचता तिचा चेहरा लांबला. मी काय काय पाहते, कुठल्या वस्तूपाशी किती वेळ थांबते, काय टोपलीत टाकते आणि काय परत काढते, हे सगळं ते टिपून घेत होतं आणि आपल्या भागीदारांना देत होतं. टोपलीतून परत काढलेलंसुद्धा! म्हणजे माझी घासाघीस, माझं मागेपुढे होणं, हाच त्याचा माल होता. धानाच्या हंगामात असे दलाल मी पाहिले आहेत. शेतकऱ्याच्या बाजूने भांडतात आणि संध्याकाळी व्यापाऱ्याच्या ओट्यावर चहा पितात.

"काढ," मी म्हटलं. पण मन होईना. कव्हरांचा भाव त्याने खरोखरच पाडला होता.

"त्या शेडच्या जाहिरातींचा सगळा दोष त्याचा नाही, मम्मी," सून म्हणाली. "तुम्ही शोधलं ते ईमेलच्या खात्यात लॉगिन करून. ज्याच्या खात्यात बसून शोधलं त्याला तर कळणारच. त्याला एक्स्टेंशन काय करणार?" मग तिने ते लॉगिन बंद केलं, ब्राउझरच्याच सेटिंगमध्ये दोन-चार गोष्टी बदलल्या आणि वर्गणीवर चालणारं ते एकच एक्स्टेंशन ठेवलं. जमिनीच्या नोंदीच्या पानापुरती त्याला सुट्टी दिली. पानं स्वच्छ झाली. झेंडूचा मंडप, बाजूला काही नाही. लॅपटॉपने पदर घेतला.

पण भासऱ्यांनी जे वाचायचं ते वाचलंच होतं. जागेचा भाव वरच बसला होता. दोन दिवस मी गच्चीवर सतरंज्या झटकत विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सुनेला विचारलं, "यात दुसरा ब्राउझर असते ना? तो बोडकाच ठेव."

"क्यों?"

"त्यात तिरोडा शोधाचं आहे."

तिरोडा म्हणजे आमच्या शेजारचं तालुक्याचं गाव; मी तिकडे जागा बघतेय असं भासऱ्यांना दिसायला हवं होतं. मग तिला समजलं आणि खुर्चीवरून पडायची वेळ आली. दुपारी दुकान रिकामं असलं की आम्ही दोघी तिरोडा शोधायचो. तिरोड्यात प्लॉट. तिरोड्यात गोदाम भाड्याने. वीज प्रकल्पाच्या रस्त्याला जागा. सुनेने आपल्या मनानेच तिरोड्यातलं हवामान शोधलं, म्हणे अस्सल वाटलं पाहिजे. थोड्याच दिवसांत त्या उघड्या ब्राउझरला तिरोड्याचं वेड लागलं. पंचांग उघडलं तरी तिरोड्याचा प्लॉट.

भासरे मंडप पक्का करायला आले. मी पदर ओढून बसले. सुनेने उघडा ब्राउझर लावून लॅपटॉप वळवला. चष्मा लागला. "तिरोडा बायपासजवळ प्लॉट. तिरोड्यात गोदाम, त्वरित ताबा." आता घाबरतील. आता म्हणतील, घरची लक्ष्मी परगावी कशाला जाते.

त्यांचं पोट हलायला लागलं. ते हसत होते.

"सूनबाई, विचार तुझ्या सासूले, तिरोड्याले जाईन कायनं? एसटीनं? लग्नाच्या वरातीत हिले आनली तवा दर नाल्यावर गाडी थांबवा लागे. ओकारीच थांबे ना."

"सांग त्याइले, मोटारसायकलनं जाईन."

"चालवन कोन? माहा भाऊ? तो बांधावरून घरी याले दुपार करते."

सून लॅपटॉपमागे तोंड लपवून बसली होती. कुठली बाजू घेऊन हसतेय ते कळत नव्हतं.

"अन् आनखीन सांग," भासरे म्हणाले. आवाज जरा उतरला. "तिले जागा पायजे हे माले या डब्यानं नाही सांगितलं. बाजारातून जातानी अख्खं गाव त्या जागेकडं पायते. कोनाची बकरी शिरली, कोनं कचरा टाकला. एक तुझी सासूच, तिथं आली का मान फिरवून जाते. वाटनी झाली तवापासून पाहून राहिलो."

सुनेने हे मला पोचवलं नाही. गरज नव्हती.

मला जो राग आला तो कुणावर ते आजही नीट सांगता येणार नाही. मी पदर मागे टाकला. त्यांना काय म्हणून हाक मारायची हेही मला ठाऊक नव्हतं, कधी वेळच आली नव्हती. म्हणून हाक न मारताच मी बोलले.

"दिसत होतं तं देली काऊन नाही?"

भासरे दचकले. भिंतीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "तिले सांग..." असं सुरू केलं आणि थांबले. मग लॅपटॉपकडे पाहत म्हणाले, "मांगतली कधी?"

"दाराआड उभी होती मी. कोनाले मांगू? तुमीच म्हनलं, बाईच्या भांड्याकुंड्याले जागा कायले पायजे."

"म्या म्हनलं?"

"तुमीच."

त्यांनी बराच विचार केला. सोंग करत नव्हते, मला माणसं कळतात. "म्हनलं असंन," ते म्हणाले. "याद नाही."

जिन्यावरून वर्षानुवर्षं जे मी वर नेलं, ते त्यांनी त्याच दिवशी बैठकीत सोडून दिलं होतं. भांडायलासुद्धा समोर कुणी उरलं नाही. मग मी दुसरं काय करणार? मी सौदा सुरू केला.

"पहिलाच भाव लागंन," मी म्हटलं.

"त्याच्या वरचा."

"पहिल्याच्या खालचा. भरनीचा खर्च आहे. तुमच्या जागेत बेडकं आहेत."

आणि तेव्हा मला ते दिसलं. भाव सोडायच्या आधी भासरे उजव्या कानाची पाळी चोळतात. इतके सौदे झाले, पदराने माझा चेहरा झाकला आणि मी त्याच्यावर खूश राहिले. पण त्याच पदराने मला त्यांचा कान कधी दिसू दिला नव्हता! मी आणखी खाली गेले. पाळी चोळली. मी थांबले, आणि पुन्हा थोडी खाली गेले. पाळी लाल झाली.

"आता बस, बाई," ते म्हणाले. मलाच म्हणाले, मधे कुणी नव्हतं. "वरून साक्षगंधाचा मंडप फुकट देजो."

"मंडप नाही. सतरंज्या देईन."

"धुतलेल्या?"

"धुतलेल्या. तुमच्याच जागेवर वाळवून."

पहिल्या भावाच्या खाली सौदा झाला. साक्षगंध झालं, खरेदीखत झालं, भरणीही झाली, बेडकं बहुधा शेजारच्या बोडीत, म्हणजे तळ्यात, गेली. आता माझ्या सतरंज्या बाजारामागे वाळतात. आम्ही थेट बोलतो, पण हाक मारायला नाव अजून सापडलेलं नाही. मी "हे पाहा" म्हणून सुरुवात करते, ते "सांग मंग" म्हणतात. ते वाक्य मात्र मी अजून माफ केलेलं नाही. त्यांना आठवत नाही म्हणून मी का सोडावं?

माझ्या ब्राउझरवर ते एक एक्स्टेंशन आहे, त्याला मी वर्गणीही पाठवते. दुसरं काही वरून घेतलेलं नाही, सून लक्ष ठेवून असते. आणि तो उघडा ब्राउझर आम्ही तसाच ठेवला आहे. सौदा झाल्याचं त्याला कुणी सांगितलंच नाही. चुकून उघडला गेला की तो बिचारा धावत येतो, तिरोड्यातला एखादा नवा प्लॉट घेऊन, रस्त्याला लागून, त्वरित ताबा.